सरासरी कुणाची, नुकसान कुणाचे?



खरीप २०२५ साठी महाराष्ट्र सरकारने पीकविम्याचे नियम बदलले. एक रुपयातला विमा बंद झाला आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. खरिपाच्या धान्याला आणि गळिताला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कपाशीसारख्या नगदी पिकाला ५ टक्के. त्याच वेळी भरपाईची चार दारे बंद करण्यात आली. पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात पावसाने दडी मारणे, गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतर शेतात पडलेल्या मालाचे नुकसान, ही ती चार दारे. उघडे राहिले ते एकच. पीककापणी प्रयोगावरून निघणारे सरासरी उत्पादन.

ही सरासरी बहुतेक ठिकाणी महसूल मंडळाची असते. मंडळात दहा प्रयोग होतात, त्यांची एक सरासरी निघते आणि त्या सरासरीवर मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची भरपाई एकाच दराने ठरते. ज्याचे बोंड भरले त्यालाही तोच दर आणि ज्याची कपाशी पात्या गाळून वाळली त्यालाही तोच दर. तुमच्या कपाशीचे काय झाले ते तुमची कपाशी सांगत नाही. ते दुसऱ्याच शिवारातले दहा प्लॉट सांगतात.

हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? आपल्या सभांमध्ये याचे उत्तर ठरलेले आहे : विमा कंपनीच्या. टाळ्या पडतात आणि सभा संपते. पण ते उत्तर खरे नाही. क्षेत्राची सरासरी काढून विमा द्यायचा, ही मांडणी पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत तयार झाली. मांडणारे होते प्रा. वि. म. दांडेकर. साल १९७६.

मला त्या संस्थेला शिव्या घालायच्या नाहीत आणि तिची आरतीही ओवाळायची नाही. मला एवढेच सांगायचे आहे की विद्यापीठात बसून सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणारी माणसे जे लिहितात ते पाच-दहा वर्षांनी तलाठ्याच्या दप्तरात येते आणि मग पन्नास वर्षे आपल्या बांधावर राबते. म्हणून ते लिखाण आपण वाचले पाहिजे, त्यातले खरे उचलले पाहिजे आणि त्यातली जी अट सरकारने सोयीने गाळली ती परत मागितली पाहिजे. पीकविम्याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. विद्वानाने दोन गोष्टी सांगितल्या. सरकारने त्यातली स्वस्त गोष्ट घेतली आणि महाग गोष्ट ठेवून दिली.

संस्था कसली, काम कसले

गोखले संस्था १९३० साली रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या छत्राखाली उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक, तेही १९६६ पर्यंत. १९९३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

ही संस्था केवळ पुस्तकावरून पुस्तक लिहिणारी नव्हती. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी करून तिचा अहवाल १९४० साली छापला गेला. शेतकऱ्याचा खर्च काय, हाती काय उरते, हे त्याच्या दारात जाऊन विचारायची रीत आपल्याकडे ज्यांनी पाडली त्यांच्यात ही संस्था आहे. १९४८ साली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्याची मोजदाद झाली. कालव्याचा फायदा म्हणजे केवळ पाणीपट्टी नव्हे, त्यातून मजुरी, वाहतूक, बाजार किती वाढला तेही मोजा, असा तो विचार होता. १९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक किमान पोटभर आहारालाही मोताद आहेत, असे त्यात निघाले. त्यानंतर दारिद्र्यरेषा या शब्दाशिवाय दिल्लीत कुणाला बोलता आले नाही.

म्हणजे संस्थेतला आकडा कागदावर राहत नाही. तो रेशनकार्डावर येतो, कालव्याच्या मंजुरीत येतो, विम्याच्या यादीत येतो. हे ओळखा आणि मग पुढचे वाचा.

दांडेकरांनी काय सांगितले

पीकविम्याचा पहिला प्रयोग कुठल्या पिकावर झाला ठाऊक आहे का? कपाशीवर. १९७२-७३ साली गुजरातमध्ये संकरित-४ या वाणावर तो सुरू झाला, पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांत आणि भुईमूग, गहू, बटाटा अशा पिकांवर नेला. हा विमा ज्याच्या त्याच्या शेतापुरता होता. ज्याचे पीक बुडाले त्याच्या शेतात जाऊन नुकसान ठरवायचे. १९७८-७९ पर्यंत तो चालला. सगळे मिळून ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार रुपये, भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार रुपये. एक रुपया आला आणि आठ रुपये गेले.

त्याआधी १९७१ सालीच सरकारने नेमलेल्या धर्म नारायण समितीने पीकविमा करण्यासारखा नाही, असे सांगून हात वर केले होते. दांडेकर त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. देशात कोट्यवधी शेतकरी, एकेकाचे चार-पाच एकर. प्रत्येकाच्या शेताचे दहा वर्षांचे उत्पादन कुणाकडेही लिहिलेले नाही. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजायला माणसे आणणार कुठून? आणि मोजणाऱ्याच्या हातात एकेका शेतकऱ्याचा पैसा आला की पुढे काय होते ते सांगायला नको. शिवाय नुकसान झाले तरच पैसे, असा नियम केला की राबणाऱ्यापेक्षा पीक सोडून देणाऱ्याचे बरे होते.

म्हणून त्यांनी सांगितले की एकेका शेताऐवजी एक क्षेत्र धरा. त्या क्षेत्रात पीककापणी करून सरासरी काढा. नेहमीच्या सरासरीपेक्षा ती जितकी खाली आली तितक्या प्रमाणात सगळ्यांना सारखी भरपाई द्या. मग जो मेहनतीने आपल्या रानात चार क्विंटल जास्त काढील त्याला ते चार क्विंटलही मिळतील आणि भरपाईही मिळेल. मेहनतीला दंड नाही, लबाडीला बक्षीस नाही आणि सरकारी नोकराला कुणाच्या घरी पायरी झिजवायला लावता येणार नाही.

विचार नवा नव्हता. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच क्षेत्रवार पावसावर आधारलेल्या विम्याचे पुस्तक लिहिले होते. पण स्वतंत्र भारतात हा विचार राबवण्याजोगा करून मांडला तो दांडेकरांनी. १९७९ साली त्यावर पथदर्शी योजना निघाली, १९८५ साली समग्र पीकविमा योजना आली, १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासून आजची पंतप्रधान पीकविमा योजना. नावे बदलली, पंतप्रधान बदलले, कंपन्या आल्या गेल्या. क्षेत्राची सरासरी तीच राहिली.

यातली एक गंमत कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावी. ज्या पिकावर देशातला पहिला विमा निघाला ती कपाशी १९८५ च्या समग्र योजनेत नव्हतीच. ती परत आली १९९९ नंतर. आणि १९८५ पासून विमा जोडला गेला पीककर्जाला. कर्ज घेतले की विमा सक्तीचा. ती सक्ती थेट २०२० च्या खरिपात उठली. एवढी वर्षे विमा शेतकऱ्याच्या पिकाचा होता की बँकेच्या कर्जाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

अट उडाली, सरासरी राहिली

आता त्या मांडणीतली महाग गोष्ट. क्षेत्राची सरासरी सगळ्यांना लावायची तर ते क्षेत्र एकजिनसी हवे. म्हणजे त्या क्षेत्रात चांगले वर्ष सगळ्यांना चांगले आणि वाईट वर्ष सगळ्यांना वाईट असे असले पाहिजे. ही अट पाळली तर सरासरी हा न्याय आहे. ही अट सोडली तर सरासरी ही लॉटरी आहे. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या पिकाखाली झाकले जाते.

महसूल मंडळ एकजिनसी आहे काय? मंडळाची रेघ सारावसुलीच्या सोयीने ओढलेली आहे. ती पावसाला विचारून ओढली नाही, जमिनीला विचारून तर नाहीच. मी शेतकीचा पदवीधर आहे. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले ते कोरडवाहू शेतकऱ्याला जन्मतः ठाऊक असते. नदीकाठची काळी कन्हार तीन-चार फूट खोल, एकदा भिजली की वीस-पंचवीस दिवसांची उघडीप सहज सोसते. त्याच मंडळातले बरड वीतभर मातीचे, खाली मुरूम. तिथे बारा दिवस पाऊस नाही की दुपारी कपाशीची पाने मान टाकतात. पाते-फुलांच्या वेळी अशी उघडीप आली तर कन्हारात काही पात्या गळतात आणि बरडात झाडच संपते. खरिपाच्या ज्वारीचेही तसेच. कणीस पोटरीत असताना ओल तुटली की हलक्या रानात दाणा भरतच नाही, कडबा तेवढा हाती येतो.

आणि पाऊस? बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते, हे आपल्या आजोबांनी सांगून ठेवले आहे. मंडळात वीस गावे असली तर वीस शिवारांचा पाऊस वीस तऱ्हेचा. मंडळाच्या ठिकाणी एक हवामान केंद्र आहे. ते त्या गावचा पाऊस सांगते, पाच मैलांवरच्या माळाचा नव्हे.

गणित करून पाहा

कागद घ्या. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या मंडळाचे खरे आकडे तुम्ही भरा.

गेल्या सात वर्षांतले मंडळाचे कापसाचे उत्पादन हेक्टरी १०, १२, ४, ११, ९, ५, ८ क्विंटल धरा. नियम असा की सातातली चांगली पाच वर्षे घ्यायची. १२, ११, १०, ९, ८. बेरीज ५०, सरासरी १०. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के. म्हणून उंबरठा उत्पादन झाले ७ क्विंटल. मंडळाचे चालू वर्षाचे उत्पादन सातच्या खाली गेले तरच भरपाई.

यंदा निम्मे मंडळ भारी जमिनीचे, तिथे ११ क्विंटल आले. निम्मे मंडळ हलक्या जमिनीचे, तिथे साडेतीन. दहा प्रयोगांपैकी पाच इकडे, पाच तिकडे पडले. सरासरी निघाली सव्वासात. उंबरठ्याच्या वर! भरपाई शून्य. साडेतीनवाल्याला शून्य आणि अकरावाल्याला तर नकोच होती.

आता तेच पीक, तोच पाऊस, तोच उंबरठा. फक्त हलक्या जमिनीचा गट वेगळा मोजला. सातपैकी साडेतीन आले, म्हणजे तूट निम्मी. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० धरली तर भरपाई ३०,००० रुपये. एका रेघेने ३०,००० रुपये खाल्ले. कुणी चोरी केली नाही, कुणी लाच घेतली नाही, प्रयोग खरे, वजन खरे, भागाकारही खरा. नदीची सरासरी खोली काढून कुटुंबाला पाण्यात घालणाऱ्या हिशेबनिसाची गोष्ट आपण ऐकली आहे. हिशेब चोख आणि घरदार बुडाले.

उलटेही होऊ शकते, हेही सांगतो. भारी जमीन पाण्याने चिबडली आणि हलक्या रानाला तेवढ्याच पावसाने तारले, तर सरासरी खाली जाईल आणि ज्याचे पीक बरे आहे त्याच्या खात्यावरही पैसे येतील. त्या वर्षी गावात पेढे वाटले जातात आणि पुढच्या वर्षी शिव्या. न्याय दोन्ही वर्षी झालेला नसतो.

कोरडवाहूला दुसरा दणका

सत्तर टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. नेहमीच्या दहा क्विंटलांपैकी पहिले तीन बुडाले तर ते तुमचे बुडाले. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण यांचा खर्च दहा क्विंटल आले तरी तेवढाच आणि सात आले तरी जवळपास तेवढाच. वेचणीचा थोडा फरक. मग जे तीन क्विंटल गेले त्यात तुमची वर्षाची सगळी कमाई गेली. विमा सुरू होतो तो कमाई संपल्यावर.

राष्ट्रीय कृषी विमा योजनेत तर उघड उघड उलटा न्याय होता. ६०, ८० आणि ९० टक्के असे तीन स्तर होते. ज्या भागात, ज्या पिकाच्या उत्पादनात चढउतार कमी तिथे ९० टक्के संरक्षण. जिथे चढउतार जास्त तिथे ६०. म्हणजे ज्याच्याकडे पाणी त्याला जाड घोंगडी आणि माळावर कुडकुडणाऱ्याला उपरणे. विमा कंपनीच्या हिशेबात हे शहाणपण असेल. विमा कशासाठी काढला, या प्रश्नाच्या हिशेबात तो विनोद आहे.

चांगल्या पाच वर्षांची सवलतही दुष्काळी तालुक्याला अपुरी पडते. सातात दोन वाईट वर्षे आली तर ती गाळली जातात. तीन आली तर तिसरे सरासरीत शिरते आणि उंबरठा खाली ओढते. जितके जास्त दुष्काळ भोगाल तितका पुढचा दुष्काळ सरकारी कागदावर साधा दिसेल.

घरोघरी पंचनामा हे उत्तर नव्हे

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द. सभेत मागणी होते की सरासरी जाळून टाका, प्रत्येक शेताचा पंचनामा करा. मागणी कानाला गोड आहे. पण १९७२ चा कपाशीचा अनुभव आठवा. एकेका शेताचा विमा साडेतीन हजार शेतकऱ्यांपर्यंतही पोचला नाही. आजच्या लाखो अर्जांचे पंचनामे कोण करणार? आणि ज्याची कंपनीत वा कचेरीत ओळख त्याचा पंचनामा आधी होईल, हे सांगायला पदवी लागत नाही. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवण्याचा नियम होता तेव्हाच पाहिले ना? ज्याच्या हातात चांगला फोन, शिवारात रेंज आणि घरात शिकलेला पोरगा, त्याची तक्रार नोंदली गेली. म्हातारी विधवा आणि बटाईने करणारा मजूर मागे राहिला.

बोगस अर्ज झाले म्हणून नियम बदलले, असे सरकार म्हणते. बोगस अर्ज कुणी भरले ते शोधा आणि त्यांना तुरुंगात टाका, आमची हरकत नाही. पण चोर पकडायला जमले नाही म्हणून घराची चार दारे विटांनी बुजवायची आणि उरलेले दार मंडळाच्या ठिकाणी ठेवायचे, हा कुठला बंदोबस्त? सगळा विमा सरासरीवरच चालवायचा असेल तर सरासरी शेताच्या जवळ आणणे ही त्याची किंमत आहे. ती किंमत दांडेकरांच्या मांडणीतच लिहिलेली आहे. ती न देता त्यांचे नाव घेता येणार नाही.

पैसेवारी गावाची, विमा मंडळाचा

सरकार म्हणेल, एवढे लहान क्षेत्र मोजणे जमणार नाही. जमत नाही? पंतप्रधान पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना उघडून पाहा. मुख्य पिकासाठी विम्याचे एकक गाव किंवा ग्रामपंचायत असावे, असे त्यांत आहे. आणि महाराष्ट्रात पैसेवारी कशी निघते? गावागावाची. ५० पैशांच्या आत कोणती गावे आणि वर कोणती, याची यादी दरवर्षी जिल्हाधिकारी जाहीर करतात. दुष्काळाची सवलत द्यायची नसते तेव्हा गाव मोजता येते आणि विम्याची भरपाई द्यायची असते तेव्हा गाव दिसेनासे होते! पैसेवारीची रीत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. गाव हे एकक सरकारच्या आवाक्याबाहेरचे नाही, एवढेच म्हणतो.

तरीही खर्चाचा मुद्दा प्रामाणिकपणे घेऊ. वीस गावांच्या मंडळात आज दहा प्रयोग. गावाला चार धरले तर ऐंशी होतात. आठपट काम, आणि चार प्लॉटवर काढलेली गावाची सरासरीही डळमळीतच. मग मधला मार्ग आहे. मंडळाचे जमिनीच्या खोलीप्रमाणे दोन किंवा तीन गट करा. हलक्या रानाची गावे एका गटात, भारी रानाची दुसऱ्या गटात. प्रत्येक गटात दहा प्रयोग. वीस-तीस प्रयोगांत काम भागते आणि सरासरी एकजिनसी होते. यासाठी नव्याने माती खणायला नको. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था नागपुरातच आहे, तिने जमिनींचे नकाशे केलेले आहेत. रब्बी ज्वारीला बागायत आणि जिरायत असा भेद विम्यात सरकार स्वतःच करते. पाण्याने फरक पडतो हे मान्य आहे, मग मातीने पडतो हे मान्य करायला काय हरकत?

प्रश्न कुणी विचारायचा?

आता परत संस्थेकडे येतो. गोखले संस्थेतले कृषी-आर्थिक संशोधन केंद्र केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या पैशावर चालते. देशातल्या इतर विद्यापीठांतही अशी केंद्रे आहेत. मंत्रालय विषय देते, केंद्र अभ्यास करते, अहवाल दिल्लीला जातो. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. तिथले प्राध्यापक आकडे खोटे लिहितात, असा माझा आरोप नाही. पण जो पैसा देतो तो उत्तर ठरवत नसला तरी प्रश्न ठरवतो.

१९७६ सालचा प्रश्न होता : सरकारला पेलेल अशा खर्चात आणि लबाडी टाळून विमा कसा चालवता येईल? त्याचे उत्तर दांडेकरांनी चोख दिले. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. ज्या वर्षी ज्याचे पीक बुडते त्या वर्षी त्याला पैसा मिळतो काय? सरासरी शून्य भरपाई सांगते तेव्हा मंडळातल्या किती घरांत प्रत्यक्षात पीक गेलेले असते? दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी आहेत, पण एक नाहीत. पहिल्याचे उत्तर बरोबर आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप येत नाही.

म्हणून आपण आता प्रश्न पाठवायचा. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय संस्थांना जिल्हा सभेच्या नावाने पत्र जाईल. आमची मागणी विद्वानांनी आमची बाजू घ्यावी अशी नाही. बाजू घेणारे पुढारी आमच्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला मोजणारे हवेत. एका कोरडवाहू मंडळात शंभर-दोनशे शेतांचे उत्पादन मोजा, मंडळाच्या सरासरीशी ताडून पाहा आणि जे निघेल ते छापा. आमच्या विरुद्ध निघाले तरी छापा. मात्र मराठीत छापा आणि ज्यांच्या रानात मोजले त्यांच्या गावात येऊन वाचून दाखवा. वाई तालुक्यात जे १९४० च्या आधी जमले ते आज जमू नये असे काही नाही.

जिल्हा सभेपुढे

ठरावासाठी पुढील मागण्या मांडत आहे.

१. कापूस आणि ज्वारीसाठी विम्याचे एकक गाव किंवा ग्रामपंचायत करावे. ते होईपर्यंत प्रत्येक मंडळाचे जमिनीच्या खोलीप्रमाणे गट पाडून गटवार प्रयोग घ्यावेत.

२. मागील सात वर्षांचे उत्पादन आणि त्यावरून काढलेले उंबरठा उत्पादन हप्ता भरण्याच्या मुदतीआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. माल पाहिल्याशिवाय आपण बियाण्याची पिशवीसुद्धा घेत नाही.

३. प्रत्येक पीककापणी प्रयोगाचा गट नंबर, तारीख आणि वजन जाहीर करावे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती आपण होऊन देणे हे कचेरीचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे.

४. कपाशीच्या प्रयोगात सगळ्या वेचण्यांचे वजन धरावे. पहिल्या वेचणीवरून पुढच्यांचा अंदाज बांधणे चालणार नाही. बोंडअळी पुढच्या वेचण्यांतच खाते.

५. कोरडवाहू पिकांचा जोखीमस्तर ७० वरून ९० टक्के करावा.

मागणी करून घरी बसायचे नाही. प्रत्येक गावाने एक वही घालावी. हलकी, मध्यम, भारी अशा तिन्ही जमिनींतली चार-चार शेते चिठ्ठ्या टाकून निवडावीत. चिठ्ठ्या टाकूनच, पाटलाचे किंवा अध्यक्षाचे शेत हाताने निवडून नव्हे. पेरणीची तारीख, पावसातली उघडीप, प्रत्येक वेचणीचे वजन, ज्वारीच्या मळणीचे वजन लिहावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सरकारी प्रयोगाच्या दिवशी गावातल्या पाच जणांनी त्या शेतावर हजर राहावे, वजनकाटा पाहावा आणि तो आकडा त्याच वहीत उतरवावा. या कामात बायांना पुढे घ्या. कापूस त्याच वेचतात, कोणत्या ओळीत किती निघाला हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

तीन हंगाम ही वही चालली तर जिल्ह्यात आपल्याकडे असा कागद असेल की तो मंत्रालयातही फेकून देता येणार नाही आणि विद्यापीठातही. आजवर ते मोजत आले आणि आपण ओरडत आलो. ओरडणाऱ्याला पोलीस पांगवतात. मोजलेल्या आकड्याला उत्तर द्यावे लागते. येत्या खरिपाच्या पेरणीआधी वह्या गावोगाव पोचल्या पाहिजेत. पहिली ओळ ज्याच्या त्याच्या हाताने लिहायची आहे : माझी जमीन कसली, आणि तिच्यात काय पिकले.